मायक्रोसेकंदाची नोकरी

बरेच दिवस ब्लॉगवर काही लिहिलं नाही. दोन-तीन जणांनी "आहात ना?" अशी आपुलकीची चौकशी केली. आहे बाबांनो. पण या वेळी जे लिहायला बसलोय ते मंडळींसाठी कमी आणि घरच्यांसाठी जास्त आहे. झालंय असं की दादाचा मुलगा सांगलीला वालचंद कॉलेजात इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं ऑफर लेटर त्याच्या हातात आहे आणि ट्रॉम्बेच्या ट्रेनिंग स्कूलच्या मुलाखतीचं बोलावणंही आलंय. दादाचं म्हणणं, "तूच सांग त्याला. तू आत राहून आलायस." आणि त्या 'सांग' शब्दामागे 'पुण्याला जा असं सांग' हा अर्थ दडलेला आहे, हे न कळण्याइतका मी त्याच्यापासून लांब राहत नाही.

फोनवर असलं सांगता येत नाही. एक तर दादा दुकानात असतो आणि दर दोन मिनिटांनी "अर्धा किलो का पाव?" असं मधेच कुणालातरी विचारतो. म्हणून लिहितो. ज्यांना विज्ञानाचा कंटाळा आहे त्यांनी मधले परिच्छेद गाळले तरी चालेल, पण मग दादाच्या बाजूने मत देऊ नये, एवढी अट.

तर पहिला प्रश्न. मी नेमकं काय करतो? आमचे नाना (म्हणजे वडील, एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते) साताऱ्यात राजवाड्यापाशी कुणी भेटलं की सांगायचे, "धाकटा चुंबकाच्या कारखान्यात आहे." ते ऐकून एका गृहस्थांनी मला टीव्हीच्या स्पीकरसाठी चुंबक आणायला सांगितलं होतं. आई आजही 'लोहचुंबक' म्हणते आणि माझी तिला दुरुस्त करायची इच्छा होत नाही. नोकरीचं ठिकाण या ब्लॉगवर लिहायचं नाही हा माझा जुना नियम आहे, तो मोडत नाही. उदाहरण म्हणून आकडे देईन ते इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचे. ते छापील आहेत, सगळ्यांसाठी खुले आहेत, आणि आपल्या देशात या विषयाचं घर तिथेच आहे. (इंदूरलाही राजवाडा आहे, तोही मराठी माणसांनीच बांधलेला, त्यामुळे नानांना ते गाव परकं वाटलं नसतं.)

या केंद्राचा पाया १९८४ साली घातला गेला. तेव्हा नाव होतं सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी, लोकांच्या तोंडी नुसतं 'कॅट'. २००५च्या डिसेंबरात त्याला राजा रामण्णांचं नाव दिलं. पहिले संचालक डॉ. भवाळकर, लेझरमधले मोठे नाव. तिथे इंडस-१ नावाचं वर्तुळ १९९९मध्ये सुरू झालं, भारतातलं पहिलं सिंक्रोट्रॉन प्रकाशाचं यंत्र. त्याचा परीघ अवघा १९ मीटर. म्हणजे आपल्या शाळेच्या मैदानावरचा खो-खोचा खेळ त्याच्याभोवती मांडता यावा एवढंच ते. मग इंडस-२ आलं. त्याचा परीघ १७२.४७ मीटर. त्यात इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने फिरतात आणि वळताना क्ष-किरण फेकतात. त्या क्ष-किरणांनी प्रथिनांची रचना, धातूंमधले ताण, मातीतल्या अत्यल्प मूलद्रव्यांचा माग, असलं बरंच काही पाहता येतं. 'उपयोग काय' या दादाच्या प्रश्नाचं उत्तर इथेच एका ओळीत संपलं. लांबलचक हवं असेल तर पुन्हा कधी.

आता वेगाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. साताऱ्याहून सांगली साधारण १२० किलोमीटर. लाल डब्याला तीन तास धरा (कराडला चहा धरून). त्या इलेक्ट्रॉनला हे अंतर कापायला एका सेकंदाचा अडीच हजारावा भाग पुरतो, आणि तेवढ्यात तो इंडस-२मध्ये सुमारे सातशे फेऱ्या मारून मोकळा होतो. एका फेरीला ५७५ नॅनोसेकंद. एका सेकंदात सतरा लाखांहून जास्त फेऱ्या. हा ५७५चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इलेक्ट्रॉन या मोठ्या वर्तुळात जन्मत नाहीत. आधी मायक्रोट्रॉन नावाच्या छोट्या यंत्रात त्यांना २० एमईव्ही ऊर्जा मिळते, मग २८ मीटर परिघाच्या बूस्टरमध्ये ती ५५० एमईव्हीपर्यंत वाढवतात, आणि मग ते इंडस-२मध्ये सोडायचे. तिथे गेल्यावर ऊर्जा वाढवत २.५ जीईव्हीपर्यंत नेतात. बूस्टरमधून साधारण सेकंदाला एक घास येतो. एका घासाने पोट भरत नाही, म्हणून घासामागून घास घालत राहायचं.

आणि इथे खरी अडचण सुरू होते.

समजा जत्रेत मेरी-गो-राउंड जोरात फिरतंय, त्यात माणसं बसलेली आहेत, आणि तुम्हाला चालत्या चक्रात आणखी माणसं बसवायची आहेत. चक्र थांबवायचं नाही. आधी बसलेल्यांपैकी कुणी पडता कामा नये. नव्याने येणारा नेमका त्याच वेगाने, त्याच दिशेने आला पाहिजे. इथपर्यंत जमेल. पण त्याला आत ढकलणारा जो हात आहे, तो पुढची फेरी येईपर्यंत मागे घेतला नाही तर तोच हात आधी बसलेल्यांना बाहेर ढकलेल! नेहमीचं चुंबक चालू करून ठेवलं तर नेमकं हेच होतं. नवीन कणांना आत वळवणारं क्षेत्र जुन्या कणांनाही वळवतं, कारण चुंबकाला नवं-जुनं कळत नाही.

म्हणून दोन युक्त्या एकत्र करतात. एक सेप्टम, म्हणजे पडदा. (नाक-कान-घशाचे डॉक्टर नाकातल्या पडद्याला सेप्टमच म्हणतात, माझा वाकडा आहे.) हे असं चुंबक की तांब्याच्या काही मिलिमीटर जाडीच्या भिंतीच्या एका बाजूला भक्कम क्षेत्र आणि दुसऱ्या बाजूला जवळपास शून्य. नवीन कण भिंतीच्या अलीकडून येतात, जुने पलीकडून फिरत असतात. दुसरी युक्ती म्हणजे किकर. नावाप्रमाणे लाथ मारणारा. इंडस-२मध्ये असे चार किकर आहेत. पहिले दोघे मिळून फिरत्या जुन्या कणांना क्षणभर पडद्याजवळ सरकवतात, उरलेले दोघे त्यांना पुन्हा मूळ रस्त्यावर आणून सोडतात. म्हणजे रस्त्याला तेवढ्यापुरतं एक वळण पडतं. त्याच क्षणी पडद्याच्या अलीकडून नवीन कण येऊन त्यांच्या शेजारी उभे राहतात. मग ते वळण लगेच मिटवायचं. न मिटलं तर काही फेऱ्यांत नवीन पाहुणे पडद्यावर आपटून संपले म्हणून समजा. वळण मिटल्यावर नवीन कण थोडे डगमगत फिरतात, पण वळताना प्रकाश फेकून फेकून त्यांची डगमग शांत होते आणि ते जुन्यांत मिसळून जातात. पुढचा घास येईपर्यंत घर पुन्हा जागेवर. नवीन सून आल्यावर वर्षभरात होतं ते इथे एका सेकंदात होतं, असं म्हणणार होतो, पण वहिनी हे वाचणार आहेत. असो.

हे सगळं करायला वेळ किती? मायक्रोसेकंदांचा. एका फेरीला ५७५ नॅनोसेकंद, आणि वळण उभं राहून मिटायला अशा जेमतेम पाच-सहा फेऱ्या. माझी नोकरी ही. तो हात पुढे करायचा आणि वेळेत मागे घ्यायचा.

आता पुतण्यासाठी थोडा हिशेब. (बाकीच्यांनी चहा घ्यावा.) समजा किकर अर्धा मीटर लांब आहे, त्याची फट उंचीला ५ सेंटीमीटर आणि रुंदीला १० सेंटीमीटर. ५५० एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनला अर्ध्या अंशाहून थोडंसंच जास्त वळवायचं आहे. क्षेत्र लागतं सुमारे ०.०३७ टेस्ला. ही काही फार नाही, स्पीकरच्या मागच्या चुंबकाजवळही याहून जास्त भरेल. पण ते एकाच वेढ्याने निर्माण करायचं तर प्रवाह लागतो सुमारे १५०० अँपिअर. घरातल्या मोठ्या पिनच्या सॉकेटच्या शंभरपट. वेढे वाढवले तर प्रवाह कमी होईल, पण वेढ्यांच्या वर्गाने इंडक्टन्स वाढेल आणि चुंबक आळशी होईल. म्हणून वेढा एकच. तरी इंडक्टन्स सव्वा मायक्रोहेन्री उरतोच. हा प्रवाह तीन मायक्रोसेकंदात चढवून उतरवायचा तर साधारण २००० व्होल्ट लागतात. आणि तोच शंभर नॅनोसेकंदात चढवायचा म्हटलं तर वीस हजारांच्या घरात. चुंबक तेच, क्षेत्र तेच, फक्त घाई वाढली. घाईची किंमत व्होल्टमध्ये मोजावी लागते.

गंमत ऊर्जेची आहे. त्या चुंबकात साठते ती ऊर्जा किती? दीड जूलसुद्धा नाही. दीडशे ग्रॅम कंदी पेढ्यांचा पुडा टेबलावरून मीटरभर वर उचलायला लागते तेवढी. पण ती दीड मायक्रोसेकंदात द्यायची असल्याने त्या क्षणापुरता दर जातो जवळपास एक मेगावॅटवर! पेढे उचलायचे, पण मेगावॅटने. माझ्या अख्ख्या सव्वीस वर्षांचं वर्णन कुणी याहून नेमकं केलेलं नाही (मीच केलंय, तरीही).

साहित्यही नेहमीचं चालत नाही. ट्रान्सफॉर्मरची पोलादी पत्री इतक्या वेगाला उपयोगी नाही, तिच्यात भोवरा-प्रवाह फिरायला लागतात आणि क्षेत्र आत शिरेपर्यंत खेळ संपलेला असतो. म्हणून फेराइट वापरतात. निकेल-झिंकचं, काळंकुट्ट, भट्टीत भाजलेलं. हातात घेतलं की जड कौलासारखं वाटतं आणि पडलं की कौलासारखंच फुटतं. कण ज्या नळीतून जातात ती नळीही इथे धातूची करता येत नाही, कारण धातू ते वेगवान क्षेत्र आत येऊ देणार नाही. मग चिनी मातीच्या जातीची सिरॅमिक नळी. पण नुसती सिरॅमिक ठेवली तर कणांच्या सोबत भिंतीतून वाहणाऱ्या प्रवाहाला रस्ता राहत नाही, वर विद्युतभार साचतो. म्हणून आतून टायटॅनियमचा अगदी पातळ थर द्यायचा. मायक्रॉनच्या हिशेबात. जाड झाला तर क्षेत्र अडेल, पातळ झाला तर कण कुरकुरतील. असल्या मधल्या मार्गांवरच या धंद्यातली माणसं म्हातारी होतात.

आता मला ज्यासाठी हा सगळा खटाटोप करावासा वाटला ती गोष्ट.

मी कॉलेजला असताना सुट्टीच्या दिवशी विश्रामबागेतून निघून मामांकडे जायचो, भिलवडीच्या बाजूला कृष्णाकाठी. दादाला आठवत असेल, तोही यायचा, पण तो उसाच्या फडात आणि मी जॅकवेलवर. मामांची चार-पाच जणांत मिळून पाणी उपसायची योजना होती. नदीवर मोटर, आणि तिथून वरच्या रानापर्यंत दोनेक किलोमीटर पाईपलाईन. त्या काळी लाईटीचा नेम नसायचा. मोटर चालू असताना लाईट गेली की पंप थांबायचा, चढणीवरचं पाणी उलटं फिरायचं, आणि पंपाजवळचा एनआरव्ही धाडकन बंद व्हायचा. अख्खी लाईन हादरायची. मामा पाईपवर तळवा ठेवून उभे राहायचे आणि मला म्हणायचे, "हात ठेव. आता परत येतंय बघ." आणि खरंच, चारेक सेकंदांनी दुसरा दणका. पहिल्यापेक्षा थोडा हलका. मग आणखी चार सेकंदांनी तिसरा. मामा सातवी शिकलेले. पण कुठला दणका वरच्या टोकाला जाऊन परत आला आणि कुठला मधल्या चुकीच्या जोडावरून, हे ते हाताने सांगायचे. एकदा त्यांनी "अर्ध्या वाटेत काहीतरी हाय" म्हणून माणूस पाठवला, तर मधला एअर व्हॉल्व्ह गाळाने अडकलेला निघाला.

याला इंग्रजी पुस्तकात पाण्याचा हातोडा म्हणतात. लोखंडी पाईपमधून तो दणका सेकंदाला हजारेक मीटर वेगाने धावतो. म्हणून दोन किलोमीटर वर आणि दोन खाली, चार सेकंद. रशियातल्या झुकोव्हस्कीने मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून १८९८ साली याचा हिशेब मांडला. पाणी सेकंदाला दीड मीटरने वाहत असेल आणि अचानक अडलं तर दाब वाढतो तो जवळपास दीडशे मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. पाईप का फुटतात ते कळलं ना? आपल्या कोयनेला याच भीतीपायी बोगद्याच्या टोकाला उल्लोळ विहीर खोदलेली आहे, यंत्रं अचानक थांबली तर उसळणाऱ्या पाण्याला वर चढून शांत व्हायला जागा असावी म्हणून. उल्लोळ! मराठीत इतका देखणा तांत्रिक शब्द दुसरा मला माहीत नाही. ज्या साहेबांनी तो फाईलवर लिहिला त्यांना माझा नमस्कार.

नोकरीला लागल्यावर पहिल्या आठवड्यात मला एका मोठ्या रिळावरची शंभर मीटर केबल दाखवली. जाड, काळी, आमच्या पाईपलाईनच्या नात्यातली. ती वीस-चाळीस हजार व्होल्टला भारून ठेवायची आणि एका टोकाला स्विच मारायचा. विजेची लाट त्यातून मीटरला पाच नॅनोसेकंद लावत मागे धावते, दुसऱ्या टोकावर आपटून परत येते, आणि तेवढा वेळ बाहेर अगदी सपाट ठोका मिळतो. शंभर मीटर जायला पाचशे, यायला पाचशे. म्हणजे बरोबर एक मायक्रोसेकंदाचा ठोका. लांबी बदला, ठोक्याचा वेळ बदलतो. केबलऐवजी कपॅसिटर आणि कॉइलची साखळी केली तरी तेच. पुस्तकात तिला ठोका घडवणारं जाळं म्हणतात. आणि दुसऱ्या टोकाला बरोबर जुळणारा रोध नसेल तर लाट पूर्ण गिळली जात नाही, उरलेली परत येते. म्हणजे मुख्य ठोका संपल्यावर एक छोटा, नको असलेला दुसरा दणका. जुने कण शांतपणे फिरत असताना त्यांना मागून आलेली चापट.

माझ्याबरोबर रुजू झालेले दोघे हुशार होते, माझ्याहून कितीतरी. त्यांना समीकरण आधी दिसलं. मला तळहाताला दणका आधी जाणवला. पुढे एकदा एका ठोक्याच्या शेपटीला असाच एक बारीक उंचवटा दिसत होता, मुख्य ठोक्याच्या शेकडा दोनइतकाच. दोन आठवडे मोजमाप चाललं होतं. मी पडद्यावर वेळ मोजला, पाचाने भागला, दोनाने भागला, आणि केबलवरचा नेमका जोड दाखवला. त्यात काही फार बुद्धी नव्हती. मामा असते तर त्यांनी मोजलंही नसतं.

शेकडा दोनचं एवढं काय, असं दादा विचारेल. चार किकर मिळून बेरीज शून्य व्हावी लागते. एकाचा ठोका शेकडा एकने कमी पडला किंवा काही नॅनोसेकंद उशिरा आला, तर वळण मिटत नाही, जुने कण डोलायला लागतात. चारही स्विच, चारही केबली, चारही फेराइट, सगळं जुळं नव्हे, चतुर्जुळं लागतं. पूर्वी स्विच म्हणजे थायरेट्रॉन असायचा, हायड्रोजन भरलेली काचेची किंवा सिरॅमिकची नळी. आधी काही मिनिटं गरम करत बसावं लागायचं, पण पेटली की हजारो अँपिअर नॅनोसेकंदांत सोडायची. आता बऱ्याच ठिकाणी अर्धवाहकाचे स्विच आलेत. सोयीचे आहेत. थायरेट्रॉनचा तो जांभळट उजेड मात्र गेला.

मोठ्या जगात हीच गोष्ट मोठ्या आकड्यांत चालते. जिनिव्हाच्या एलएचसीचा परीघ २७ किलोमीटर, तिथे आत सोडणाऱ्या किकरचं क्षेत्र ०.९ मायक्रोसेकंदाच्या आत चढलं पाहिजे. सुरुवातीच्या वर्षांत फिरत्या कणांच्या झोताने तिथलं फेराइटच तापायचं, आणि कधी कधी ते निवेपर्यंत नवीन भरणं थांबवून बसावं लागायचं. २०१३-१४च्या मोठ्या सुट्टीत झोत आणि फेराइट यांच्यामधल्या आडोशाच्या तारा वाढवल्या तेव्हा बरंच निभावलं. (त्याच एलएचसीची बत्तीस-बत्तीस टनांची चुंबकं ज्या जॅकवर बसलीत ते सुमारे सात हजार जॅक इंदूरच्या केंद्रामार्फत गेलेले. ट्रकचा जॅक नव्हे, मायक्रॉनमध्ये हलणारा. नानांना हे फार आवडलं होतं, जॅक हा त्यांचा प्रांत.) आणि आता नवीन यंत्रांत तर जुन्यांच्या शेजारी बसायलाही जागा नसते, इतका रस्ता अरुंद. शिकागोजवळच्या आर्गोनमधलं यंत्र नव्याने बांधून २०२४मध्ये चालू झालं, तिथे जुना गठ्ठा लाथ मारून बाहेर आणि त्याच क्षणी त्याच जागी नवीन गठ्ठा आत. लाथ काही नॅनोसेकंदांची. म्हणजे पुतण्या आला तरी त्याच्या पिढीला काम उरलंय. आम्ही मायक्रोसेकंद वापरले, त्यांनी नॅनो वापरावेत.

हे झालं गोड. आता कडू, कारण दादाने विचारलंय ते खरं तर याबद्दल.

या कामात आठ-आठ महिने एका डब्यावर जातात आणि तो डबा नीट चालला की कुणाला दिसत नाही. वर्तमानपत्रात प्रथिनाची रचना येते, किकर येत नाही. पगार सरकारी. पुण्याच्या ऑफरमधला आकडा मी पाहिलाय, माझी पहिली काही वर्षं सगळी मिळून त्यात बसतील. गाव लांब. नानांच्या शेवटच्या दिवसांत मी साताऱ्याला पोचलो तो तिसऱ्या दिवशी, दादाने एकट्याने सगळं केलं होतं. त्याने कधी बोलून दाखवलं नाही. मी हे लिहितोय म्हणून आता रागावेल.

वहिनींची भीती वेगळी, व्होल्टची. वहिनी, खोटं सांगत नाही, ती भीती असलेली बरी. भारलेला कपॅसिटर शांत असतो, वास नाही, आवाज नाही. स्विच बंद केला, एकदा डिस्चार्ज केला, तरी थोड्या वेळाने त्याच्या टोकांवर व्होल्ट पुन्हा डोकं वर काढतात. म्हणून टोकाला तांब्याचा आकडा लावलेली अर्थिंगची काठी लावायची आणि लावलेलीच ठेवायची, काम संपेपर्यंत. एकट्याने आत जायचं नाही. किल्ली खिशात. ही शिस्त नवीन पोरांना पहिल्या दिवशी शिकवतात आणि जुन्यांना रोज.

आणि पैशाचं. गावभागातलं दुकान २०१९च्या ऑगस्टमध्ये बुडालं, छातीएवढं पाणी. दादाने कर्ज काढून उभं केलं, २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. दोन वर्षांत दोनदा फडताळं रस्त्यावर वाळत घातली. अशा घरातल्या मुलाला 'पगाराकडे बघू नकोस' हे सांगायचा अधिकार मला नाही, आणि मी ते सांगणारही नाही. आमच्या वेळी नानांची पेन्शन होती आणि दादा आधीच दुकानात बसला होता. मी गेलो तो त्याच्या जिवावर गेलो. त्याला तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं, तुला काय करायचंय.

म्हणून दादाला काल फोन करून एवढंच सांगितलं, की दुकानाच्या कर्जाचे पुढच्या दोन वर्षांचे हप्ते मी भरतो. मुलगा पुण्याला गेला तरी भरतो, ट्रॉम्बेला गेला तरी भरतो. तो हिशेब आपल्या दोघांतला, त्याच्या डोक्यावर नको. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "थांब, गिऱ्हाईक आलंय." रात्री दहाला! दुकान नऊला बंद होतं.

मुलाखत पुढच्या महिन्यात आहे, ऑफर लेटरला उत्तर द्यायची तारीख तिच्या आधी. ते कसं करायचं ते त्याचं तो बघेल. काल रात्री उशिरा त्याचा निरोप आला, त्यात नोकरीबद्दल अक्षर नाही. विचारलंय, "काका, केबल चाळीस हजाराला भारली तर जुळत्या रोधावर वीसच हजार का मिळतात? बाकीचे वीस कुठे जातात?" त्याला आकृती काढून दाखवावी लागेल, लाट दोन्हीकडे कशी निघते ते. रविवारी वेळ काढून कागदावर काढतो आणि फोटो पाठवतो.